तेलाचं फडकं

तेविसाव्या दिवशी भावजयीने कोंबडीला उचलून बाजूला ठेवलं आणि टोपलीतली चौदाच्या चौदा अंडी परसात नेऊन फोडली. एकातूनही पिल्लू निघालं नाही. काहींत नुसतं पातळ, घाण पाणी होतं. बाकीच्यांत पिवळ्यावर लाल सुतासारखं कडं उमटलेलं. काहीतरी सुरू झालं होतं आणि तिथेच थांबलं होतं. वास असा सुटला की शेडमधला कोंबडासुद्धा लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. भावजयीने खड्डा खणला, सगळं आत लोटलं, माती ओढली आणि फावडं धुऊन जागच्या जागी ठेवलं. तोंडातून एक शब्द काढला नाही.

शब्दांचं काम त्या घरात तिच्या नणंदेकडे, अक्काकडे होतं.

"दुसरी खेप ही," अक्का ओट्यावरून म्हणाली. "पहिल्या वेळी तेरा, आता चौदा. सत्तावीस अंडी मातीत. कोंबडीला अंड्यांवर बसवायलाही हातगुण लागतो बाई. कुणाच्या हातात असतो, कुणाच्या नसतो."

भावजय खाली मान घालून नखांतली माती काढत राहिली. भाऊ कोंबड्याकडे बघत म्हणाला, "मला तर हाच नालायक वाटतो. नुसता आरवतो."

"कोंबड्याने त्याचं काम केलंय," भावजय हळूच म्हणाली. "लाल कडं होतं आत. कोंबडा नालायक असता तर तेवढंही झालं नसतं."

ते खरंच होतं, म्हणून कोंबडा वाचला. मग दोष उरला हाताचा. तो हात भावजयीचा होता आणि अक्का ते घरातच बोलून थांबली असती तरी चाललं असतं. पण अक्काच्या जिभेला हाड नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर घागर लावताना तिने तेच सगळं पुन्हा सांगितलं, चार बायकांत, आणि भावजय तिथेच मागे रांगेत उभी होती.

भाऊचा धंदा अंड्यांचा. थंडी सरताना कोंबड्यांवर रोग आला आणि चार दिवसांत साठ-पासष्ट कोंबड्या माना टाकून गेल्या. उरल्या नऊ आणि एक कोंबडा. आता ऊन तापायच्या आत जेवढी पिल्लं निघतील तेवढ्यावरच शेड पुन्हा उभी राहणार होती. एकदा ऊन चढलं की कोंबड्या खुडूक होत नाहीत, अंड्यांवर बसायचं नावच घेत नाहीत. नऊपैकी तीन खुडूक झाल्या. दोघींखालचं वाया गेलं होतं. तिसरी कालपासून घरट्यात फुगून बसली होती, जवळ गेलं की चोच मारत होती. ही शेवटची. हिच्याखालूनही काही निघालं नाही तर शेड मोडून पत्रे विकायचे आणि आपण खाणीवर दगड फोडायला जायचं, असं भाऊने ठरवून टाकलं होतं. तो हे सांगताना नेहमी हसायचा, म्हणून घरातल्यांना जास्तच भीती वाटायची.

अक्का भाऊची थोरली बहीण. नवरा गेल्यावर अकरा वर्षांपूर्वी एक पेटी आणि एक वळकटी घेऊन भावाच्या दारात आली. भाऊ म्हणाला होता, "तुझंच घर आहे." हे वाक्य तिने मनात जपून ठेवलं होतं आणि त्यावर कधीच पुरता विश्वासही ठेवला नव्हता. आपण बसून खातो असं कुणी म्हणू नये म्हणून ती पहाटेपासून हात हलता ठेवायची, आणि हात थकले की तोंड. त्यातलं तिचं स्वतःचं, कुणालाही हात लावू न दिलेलं काम म्हणजे अंडी पुसणं.

ते काम बघण्यासारखं होतं. दारातल्या उजेडात पाय पसरून बसायची. डाव्या बाजूला आलेली अंडी, उजव्या बाजूला भुशाचं खोकं, मध्ये तेलाची वाटी आणि मऊ झालेलं जुनं फडकं. आधी कोरड्या कापडाने माती-पिसं काढायची. मग फडक्याचं टोक तेलात बुडवून पिळायचं आणि अंडं तळहातात फिरवत त्याच्यावर सगळीकडून तेलाचा हात द्यायचा, पातळ, कुठे थेंब साचता कामा नये. शेवटी रुंद टोक वर करून भुशात ठेवायचं. असं पुसलेलं अंडं महिनाभर खराब होत नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं. बाजारात गिऱ्हाइकं भाऊला विचारायची, "ती चकचकीतवाली आहेत का?" भाऊ घरी येऊन ते सांगायचा आणि अक्का तोंड फिरवून म्हणायची, "हो, मला काय कामं नाहीत दुसरी." त्या दिवशी तिला जेवण चांगलं जायचं.

पूर्वी उबवायची अंडी तिच्या हाताखालून जात नसत. कोंबड्या भरपूर होत्या; भावजय संध्याकाळी घरट्यातली अंडी काढायची आणि सरळ खुडूक कोंबडीखाली सरकवायची. यंदा एकेक अंडं मोलाचं झालं, तेव्हा अक्काने फर्मान काढलं होतं, "परक्या गिऱ्हाइकाला चकचकीत अंडी आणि आपल्या घरच्या पिल्लांना मळकी? ते चालायचं नाही. आधी माझ्याकडे द्यायची." भावजयीने दिली. अक्काने ती इतर अंड्यांपेक्षा दुप्पट काळजीने पुसली.

तिसऱ्या कोंबडीखालीही तशीच पुसलेली बारा अंडी गेली.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. पलीकडच्या शिंपिणीची कोंबडी खुडूक झाली. दरवर्षी शिंपीण भावजयीला हाक मारायची; आजूबाजूच्या सात-आठ घरांत कोंबडीखाली अंडी ठेवायला भावजयच लागायची. हाक आली नाही. भावजय कुंपणाशी कपडे वाळत घालत होती आणि पलीकडे शिंपीण तिला बघून घाईघाईने आत गेली. मग दुसऱ्याच कुणीतरी बाई टोपली घेऊन शिंपिणीच्या दारात शिरली. भावजयीने उरलेले कपडे वाळत घातले. एकच चादर तिने तीनदा झटकली. अक्काने हे खिडकीतून पाहिलं आणि ती स्वतःला म्हणाली, मी काय खोटं बोलले?

भाऊची मुलगी तिसरीत होती. बडबडीमुळे तिला सगळे टिटवी म्हणायचे. एका सकाळी ती दप्तर पाठीला लावूनच अक्कासमोर उभी राहिली.

"आत्या, एक अंडं दे. बाईंनी आणायला सांगितलंय. कच्चं. प्रयोग आहे."

"फोडून ये रस्त्यात म्हणजे झालं." असं म्हणत अक्काने खोक्यातलं सगळ्यात देखणं अंडं निवडलं, त्याच्यावरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं आणि चिंधीत गुंडाळून दिलं. शाळेत घरचं नाव जाणार होतं ना.

दुपारी टिटवी परत आली ती गाल फुगवून. दप्तर आपटलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ही पोर दोन मिनिटं गप्प राहिली की घरात ताप मोजायची पद्धत होती, म्हणून अक्काने कपाळाला हात लावून पाहिला.

"तुझं अंडं मुकं आहे," टिटवी म्हणाली आणि रडायलाच लागली.

"काय आहे?"

"मुकं! सगळ्यांची अंडी बाईंनी गरम पाण्यात ठेवली. काचेच्या ग्लासात. सगळ्यांच्या अंड्यांतून बुडबुडे आले, बारीक बारीक, वर वर. माझ्यातून एकसुद्धा नाही आला. सगळे हसले. म्हणाले टिटवीचं अंडं प्लास्टिकचं."

"माझं अंडं प्लास्टिकचं?" अक्का खवळली. "कोण तो बोलणारा?"

"बाई ओरडल्या त्यांना. पण बाईंनाही कळलं नाही का ते." टिटवीने नाक पुसलं आणि रडता रडताच तिची गाडी सुरू झाली. "आत्या, अंड्याला भोकं असतात माहितीये? हजारो. आपल्याला दिसत नाहीत. आतली हवा गरम झाली की ती भोकांतून बाहेर येते, म्हणून बुडबुडे. आणि रुंद बाजूला आत हवेची खोली असते. आणि पिल्लू आत असतं ना, ते त्या भोकांतून श्वास घेतं. भोकं नसती तर गुदमरून मेलं असतं, बाई म्हणाल्या. मला भूक लागलीये."

अक्काने तिला वाढलं. पोर जेवत होती, बोलत होती, आणि अक्काला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

टिटवी खेळायला गेली, भावजय शेडमध्ये होती. अक्काने चुलीवर पाणी कोमट होऊन थोडं पुढे जाईपर्यंत तापवलं. मग ती घरट्याशी जाऊन सकाळी घातलेलं, न पुसलेलं एक अंडं घेऊन आली, आणि खोक्यातलं एक चकचकीत. दोन ग्लास भरले, दोन्हीत एकेक अंडं सोडलं आणि खाली वाकून बघत राहिली.

घरट्यातल्या अंड्याच्या रुंद टोकावर मोहरीएवढा एक बुडबुडा धरला, सुटला, वर आला. मग दुसरा. मग एक बारीक माळच लागली. चकचकीत अंडं पाण्यात तसंच पडून होतं. तिने ग्लास हलवून पाहिला. पाणी पुन्हा तापवलं. दुसरं चकचकीत अंडं घेतलं, तिसरं घेतलं. एकातूनही काही आलं नाही.

 ती तिथेच जमिनीवर बसली. महिनाभर अंडं खराब होत नाही ते का, हे तिला आज कळलं: तिने त्याचं नाक दाबलेलं असायचं. विकायच्या अंड्याला त्याचं काही वाटत नाही. पण कोंबडीखाली गेलेली तेरा आणि चौदा, आणि त्यांतलं ते लाल कडं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ती दुसऱ्यांना नेहमी म्हणायची. आज तो कळसा तिच्याच काखेत निघाला.

आणि शेवटच्या कोंबडीखाली तिनेच पुसलेली बारा अंडी होती. आज तिसरा दिवस.

सांगून टाकावं, असं तिला वाटलं. उठलीही. मग वाटलं, सांगायचं कशाला? नवी अंडी जमवून गुपचूप बदलून टाकावी. पिल्लं निघतील, भावजयीच्या हाताला आपोआप यश येईल, सगळं गोड होईल. अकरा वर्षांत आपण या घराला दिलं ते एवढंच, पुसलेलं अंडं. तेच विष होतं म्हणून सांगायचं, आणि मग या घरात कशाच्या जोरावर बसायचं?

तीन दिवस ती रोज पहाटे सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेली आणि चार-चार अंडी पदराआड लपवून आणून आपल्या पेटीत, कपड्यांच्या घडीत ठेवली. तीन दिवस तिने फडक्याला हात लावला नाही. तेलाची वाटी तशीच, त्यात एक मुंगळा बुडून मेला. बाजारात न्यायला अंडी नव्हतीच म्हणण्याइतकी, त्यामुळे भाऊच्या काही लक्षात आलं नाही. भावजयीच्या आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती अक्काजवळ येऊन बसली.

"अक्का, खांदा पुन्हा धरलाय ना तुमचा?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? तीन दिवस बघतेय. फडकं कोरडं ठाक आहे, तुम्ही जेवत नाही, बोलत नाही. तुम्ही बोलत नाही म्हणजे दुखणं मोठंच असणार." एवढं बोलून ती हसली. तिने वाटीतला मुंगळा काढून टाकला, तेल ताजं ओतलं, निखाऱ्याशी नेऊन कोमट केलं आणि अक्काच्या मागे बसून तिचा खांदा चोळायला लागली. "उद्या सातवा दिवस. बॅटरी लावून बघते अंड्यांत शिरा दिसतात का. या वेळी नाही दिसल्या ना अक्का, तर मी कोंबड्यांना हातच लावणार नाही. तुम्हीच बसवत जा. खरंच माझ्या हातात काहीतरी असेल."

तिचा अंगठा बरोबर दुखऱ्या जागी फिरत होता. खांदा खरोखरच दुखत होता, वर्षानुवर्षं. त्याला असं कुणी हात लावला नव्हता. 

"तुझ्या हातात काही नाही गं," ती म्हणाली. "माझ्या हातात आहे."

आणि तिने सगळं सांगितलं. पाठमोरीच सांगितलं, तोंड बघायची हिंमत नव्हती. शाळेतलं अंडं, ग्लास, बुडबुडे, पेटीतली बारा अंडी, सगळं.

खांद्यावरचा हात मध्येच थांबला होता. बोलणं संपलं तेव्हा तो निघून गेला. भावजय उठली आणि बाहेर गेली. शेडमधून पाण्याचं भांडं घासल्याचा आवाज यायला लागला. बराच वेळ येत राहिला. त्या भांड्याचा पत्रा आता झिजून भोक पडणार, असं अक्काला वाटलं. ती हलली नाही. सून म्हणून आलेली ही मुलगी आजपर्यंत तिला उलट बोलली नव्हती. आता बोलेल, आणि बोलायलाच हवं.

भावजय परत आली, ओले हात झटकत.

"पेटीतली कुठल्या दिवसाची आहेत?"

"परवाची, कालची, आजची. एकालाही पुसलेलं नाही. शपथेवर सांगते."

"दिवेलागणीला बदलू. अंधारलं की कोंबडी चोच मारत नाही." मग ती उंबऱ्यावर टेकली आणि पहिल्यांदाच अक्काकडे सरळ बघत म्हणाली, "मला तुमचा राग आलाय, अक्का. अंड्यांचा नाही. ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं, मीच तुमच्या हातात दिली होती. पण नळावर जे बोललात, ते नळावरच परत घ्या."

"घेते. पिल्लं निघू देत, मग सगळ्यांना—"

"पिल्लं निघाल्यावर कुणीही घेईल."

अक्काने मान हलवली.

संध्याकाळी दोघी शेडमध्ये गेल्या. भावजयीने कोंबडीच्या पोटाखाली हात घालून एकेक चकचकीत अंडं काढून अक्काच्या ओच्यात दिलं आणि अक्काने एकेक मळकं, कुठे पिसाचा तुकडा चिकटलेलं, कुठे मातीचा ठिपका असलेलं अंडं तिच्या हातात दिलं. कोंबडी गुरगुरली, पिसं फुलवली, आणि चोचीने अंडी आपल्याखाली ओढून घेत पुन्हा बसली. बिचारीला आता पहिल्यापासून एकवीस दिवस बसायचं होतं. अक्काने तिच्यासमोर दाण्याची आणि पाण्याची वाटी भरून ठेवली आणि तिच्यापुढे हात जोडले. भावजयीला हसू आलं.

सकाळी नळावर नेहमीची रांग होती. अक्का घागरीऐवजी झाकणाचं भांडं, दोन ग्लास आणि दोन अंडी घेऊन आली तेव्हा बायका बघतच राहिल्या.

"हे काय, इथेच न्याहारी?" शिंपीण म्हणाली.

"थांब जरा, तुलाच दाखवायचंय." अक्काने कट्ट्यावर ग्लास मांडले, भांड्यातलं गरम पाणी ओतलं आणि अंडी सोडली. "बघा. हे घरट्यातलं. हे मी तेलाने पुसलेलं."

घागरी भरून वाहायला लागल्या तरी कुणी नळ बंद केला नाही. एका ग्लासात बुडबुडे चढत होते.

"अंड्याच्या कवचाला भोकं असतात. आमच्या टिटवीला शाळेत शिकवलं. पिल्लू त्यातून श्वास घेतं. ती भोकं मी तेलाने बुजवली. सत्तावीस पिल्लं मी मारली, आणि इथे उभी राहून नाव हिचं घेतलं." अक्काने रांगेतल्या भावजयीकडे हात केला. "हिचा हात चांगला आहे. वाईट माझं फडकं होतं आणि त्याहून वाईट माझं तोंड."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. एक बाई म्हणाली, "आणि आता या खेपेला निघाली का पिल्लं?"

"काल संध्याकाळी तर अंडी ठेवलीत. निघतील की नाही मला माहीत नाही. निघाली नाहीत तरी मी आता बोलले ते खरंच आहे."

भावजय रांगेत शेवटी उभी होती. तिने घागर खाली ठेवली, पुढे आली आणि वाहणारा नळ बंद केला. जाताना अक्काचं जड भांडं तिने आपल्या हातात घेतलं, कारण खांदा अक्काचा खरोखरच दुखत होता.

सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात अंड्यांत शिरा दिसल्या, कोळ्याच्या पायांसारख्या, मधोमध एक काळा ठिपका. भाऊने तो हलताना पाहिला आणि सगळ्या अंड्यांवरून बॅटरी पुन्हा एकदा फिरवली. टिटवीने शाळेत जाऊन बाईंना आपलं अंडं मुकं का होतं ते सांगितलं. बाईंनी तिला वर्गासमोर उभं केलं आणि अर्धा तास ती बोलतच राहिली, असं तिनेच घरी येऊन पाऊण तास सांगितलं.

एकविसाव्या दिवशी दुपारी शेडमधून हाक आली, "आत्या, पळ!" कोंबडीच्या पंखाखालून एक ओलं डोकं बाहेर आलं होतं. मग बाजूच्या अंड्याला चीर गेली. टिटवी जमिनीवर पोटावर झोपून आत बघत होती.

"आत्या, चोचीवर पांढरं दिसतंय ना, तांदळाच्या कणीएवढं? तो त्याचा दात. त्याने कवच फोडतं. दोन दिवसांनी गळून पडतो."

अक्का वाकली. आयुष्यभर तिने पिल्लं पाहिली होती आणि ही कणी कधी पाहिली नव्हती. आठ वर्षांची पोर आपल्याला दाखवते आहे याचं तिला इतकं बरं वाटलं की तिने टिटवीच्या तेलकट, धुळीने भरलेल्या डोक्याचा मुका घेतला. शाळेतल्या बाईंना तिने कधी पाहिलंही नव्हतं. त्यांचंही तिने मनात भलं चिंतलं.

संध्याकाळपर्यंत दहा झाली. भाऊ मोजायचा, चुकायचा, पुन्हा मोजायचा. "खाणीवाल्याला निरोप द्यायला हवा, माझी वाट बघू नको म्हणून," तो म्हणाला आणि या वेळी तो हसला नाही, डोळे पुसत बाहेर गेला.

अक्का आणि भावजय घरट्याशी बसून होत्या.

"तू मला चार शब्द सुनावले असतेस तर मला सोपं गेलं असतं," अक्का म्हणाली. "तू खांदा चोळलास. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. हे मी भावालाही कधी म्हटलेलं नाही."

भावजय कोंबडीच्या वाटीतलं पाणी बदलायला लागली. तेवढ्यात कुंपणापलीकडून शिंपिणीचा आवाज आला. तिची कोंबडी मध्येच उठून गेली होती, आता दुसरी खुडूक झाली होती. "येशील का गं जरा?" ती ओशाळून म्हणाली. "अंडी पुसलेली नाहीत हो, अक्का. फुंकरसुद्धा मारली नाही."

"जा," अक्का म्हणाली. "मी बसते इथे."

"तुम्हीही चला ना."

अक्का उठली. शिंपिणीच्या अंगणात तीन-चार बायका आधीच जमल्या होत्या. भावजय गुडघ्यांवर बसून कोंबडीखाली अंडी सरकवत होती, एकेक, न घाई करता. अक्का तिच्या मागे उभी राहिली. पलीकडच्या दोन्ही घरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "माझी भावजय आहे ही. हिच्या हाताची पिल्लं आहेत आमच्याकडे, दहा. ज्यांना बघायची असतील त्यांनी उद्या या."

"अक्का, हळू," भावजय मान न वळवता म्हणाली. "कोंबडी बिचकते."